अंगावर धातू आहे का?

पोळ्यानंतरचा सोमवार, सकाळी सव्वादहा. जळगावातलं एमआरआय सेंटर. हजर: मी, माझा धाकटा भाऊ, काउंटरवरचा टेक्निशियन, सफारीतले एक शेठजी आणि बाकड्यांवर अकरा अनोळखी माणसं.

"मावशी, अंगठा की सही?" टेक्निशियनने हॉलभर ऐकू जाईल असं विचारलं.

मी पाचोरा तालुक्यात आशाताई आहे. चौदा वर्षं घरोघरी जाऊन आरोग्याची रजिस्टरं लिहिते. सही, म्हटलं.

तरी अर्ज हातात दिला नाही. तोच वाचत गेला, तोच लिहीत गेला. "पाळी बंद झाली? तांबी बसवलीय? ऑपरेशन कशाचं? छातीचं? एक काढली का दोन्ही?"

अकरा माना वर झाल्या. भाऊ पंख्याकडे बघायला लागला.

"एक," मी म्हटलं.

शेठजींना काही आजार नव्हता. सगळं अंग एकदा तपासून घ्यावं, म्हणून आले होते. "शेठजी, केबिनमध्ये बसून निवांत भरा. चहा सांगतो." दार लागलं.

माझी कंबर तीन महिने दुखत होती. कॅन्सर हाडात उतरला असेल, अशी डॉक्टरांना शंका. म्हणून डोक्यापासून पायापर्यंत एमआरआय. पुढचे उपचार त्यावर ठरणार.

"शेवटचं. अंगावर धातू?"

"नाही."

खोटं. ब्लाउजमध्ये डाव्या बाजूला मीच शिवलेली कापसाची गादी होती. नुसता कापूस हलका, वर सरकायचा. म्हणून वजनाला आत सायकलचे छर्रे शिवले होते. भावाच्याच सायकलच्या दुकानातले. कशाला हवेत, ते त्याला सांगितलं नव्हतं. आता तो शेजारी बसलेला. कशी सांगणार?

कपडे बदलायच्या खोलीत मराठीत पाटी होती. लोखंड आत नेऊ नका, चुंबक ओढून घेतं. वाचली. गाऊन घातला. आतला ब्लाउज आणि गादी काढली नाही. तशीच सपाट त्या हॉलमधून चालत जायची हिंमत नव्हती.

मशीनच्या खोलीचं दार टेक्निशियनने उघडलं. "चला मावशी, पटपट."

पाय उचलला. परत खाली ठेवला.

"थांबा. मी खोटं सांगितलंय. अंगावर लोखंड आहे."

"लोखंड? विळा आणलाय की काय?" बाकड्यावर कोणी तरी हसलं.

"कुठे आहे ते इथे सांगणार नाही. केबिन उघडा, बाई बोलवा. अर्ज पहिल्यापासून भरा."

"तुमच्या एकटीसाठी नियम बदलू?"

"शेठजींसाठी आहे ना नियम? तोच लावा."

भाऊ उठला. "अक्का, काय व्हयनं?"

"बस तू."

मी दारातून हलले नाही. दहा मिनिटांनी नर्स आली. केबिन, बंद दार. मी गादी टेबलावर ठेवली. छर्रे खळखळले. तिने हात लावून पाहिलं. "बाई, हे घेऊन आत गेला असतात तर?"

"अर्जावर 'नाही' लिहिलंय," मी म्हटलं.

मग तासभर मशीनमध्ये. हलायचं नाही. कानात ठोके. आणि डोळ्यांपुढे आमच्या गावातले ओटे.

कॅन्सर तपासणीचा अर्ज मीही असाच भरते. ओट्यावर बसून. समोर सासू, बाजूला दीर चहा पितोय. मी मोठ्याने, घाईत: "छातीत गाठ? अंगावरून लाल जातं?" सून म्हणते, "नही वं ताई, काहीच नही शे." मी लिहिते, नाही. पानंच्या पानं नाही. वेळेत काम केलं म्हणून मीटिंगमध्ये माझ्यासाठी टाळ्या वाजल्या होत्या.

रिपोर्ट गुरुवारी मिळेल. हाडात काय निघायचं ते निघो.

नवी वही केली आहे. तिशीच्या वरच्या सगळ्या बायका, घराप्रमाणे. प्रत्येकीला परत विचारायचं. एकटीला, दार लावून.

सुपरवायझर बाई म्हणाल्या, "भरलेले अर्ज परत कशाला?"

"खोटे आहेत म्हणून. मीच भरलेत."

पहिलं घर आमच्याच गल्लीतलं. सासू ओट्यावरून उठत नाही, सुनेला माझ्याबरोबर एकटीला आत जाऊ देत नाही. दोनदा जाऊन आले. सुनेच्या नावापुढचा रकाना अजून कोरा आहे.