थोरलीच्या पुढे

माझी धाकटी जाऊ माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी आहे. ती धाकटी, कारण तिचा नवरा धाकटा. लग्न होऊन आली त्या दिवशी ती मला वाकून नमस्कार करायला लागली, तेव्हा मी लाजून पाय मागे घेतले. सासूबाई म्हणाल्या, "घे गं, तू थोरली." तेव्हापासून ती मला ताई म्हणते, अहोजाहो करते आणि मी तिला अगंतुगं. इतक्या वर्षांत यात कुणालाच काही खटकलं नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही. मान कुणाला नको असतो?

दोघे भाऊ खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झाले, मुलं आपापल्या मार्गाला लागली आणि दुपारी आम्हा दोघींना काही कामच उरेना. शनिवार पेठेत बायकांसाठी इंग्रजी बोलायला शिकवणारा वर्ग निघाल्याचं कळलं. मी म्हटलं, जाऊ या. ती म्हणाली, "तुम्ही जाणार असाल तर येते."

वर्गाच्या बाई पक्क्या पेठेतल्या. तुलनेचा धडा आला तेव्हा म्हणाल्या, "घरी तरी आपण दुसरं काय करतो? हिची साडी, तिचा जावई. तेच आता इंग्रजीत करा, म्हणजे निदान सुधारल्यासारखं वाटेल." मग त्यांनी जोड्या लावल्या. जोडीदारणीशी स्वतःची तुलना करायची आणि ती सगळ्यांसमोर, मोठ्याने.

माझं गाडं पहिल्याच वाक्याला अडलं. मी 'मोअर टॉलर' म्हणाले. "एकदाच वाढवा, आधीच महागाई आहे," बाई म्हणाल्या आणि वर्ग हसला. जाऊ मात्र न अडखळता बोलत सुटली. शी कुक्स बेटर दॅन मी. शी सिंग्ज मोअर स्वीटली दॅन मी. मी आरती म्हणायला लागले की आमच्याकडे टाळ जोरात वाजवतात, पण असो. शी इज वायझर दॅन मी. शी इज ओल्डर दॅन मी. हे शेवटचं ऐकून मी तिच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नव्हती.

"सगळी वाक्यं बरोबर," बाई म्हणाल्या. "आता असं एक सांगा, ज्यात तुम्ही वरचढ आहात."

ती विचार करत उभी राहिली. माझ्यापेक्षा ती चांगली चार बोटं उंच आहे, ते अख्ख्या वर्गाला दिसत होतं. शेवटी हळूच म्हणाली, "आय वॉक स्लोअर दॅन हर."

पुढे एकदा वर्ग सुटल्यावर बाईंनी तिला थांबवलं. अगदी नवख्या बायकांचा वेगळा वर्ग सुरू व्हायचा होता आणि तो जाऊने शिकवावा असं त्यांच्या मनात होतं. "मला त्या घाबरतात. तुम्ही समजावून सांगता," त्या म्हणाल्या. जाऊचा चेहरा असा काही उजळला! लग्नाआधी तिला शिक्षिकाच व्हायचं होतं. ते राहून गेल्याचं तिने मला एकदाच, कधीतरी सांगितलं होतं. पण लगेच तिने माझ्याकडे वळून पाहिलं.

"आणि ताई?"

बाईंच्या आधी मीच म्हटलं, "ताई तुझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसेल."

तिने कानाला हात लावले. "भलतंच काय! तुम्ही खाली बसणार आणि मी उभं राहून तुमच्या चुका काढणार?"

बसमध्ये समजावलं, घरी समजावलं, भाऊजींनाही सांगायला लावलं. शेवटी हक्काने म्हणाले, "मी थोरली ना? मग ऐक माझं. जा."

"ताई, दुसरं काहीही सांगा," ती म्हणाली.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला की तिची अडचण मीच आहे. गुडघ्यांचं निमित्त काढून मी वर्ग सोडून दिला. वाटलं, आता तरी ती मोकळी होईल. पुढच्या आठवड्यात तीही गेली नाही. "तुमचे गुडघे दुखत असताना मी काय एकटी मिरवत जाऊ?" म्हणाली आणि माझ्यासाठी तेल कोमट करून घेऊन आली. न दुखणारे गुडघे मी तिच्याकडून निमूट चोळून घेतले. फार वाईट वाटत होतं.

वाट पाहून पाहून बाईंनी दुसरीला नेमलं. तसा फोन आला तो आम्ही जेवायच्या तयारीत असताना. जाऊने फोन घेतला, "बरं झालं हो, उत्तम झालं," म्हणाली आणि परत ओट्याशी जाऊन माझं ताट वाढायला लागली. पाठमोरी होती, म्हणून तिचा चेहरा मला दिसला नाही.

"आज तू आधी बस," मी म्हटलं. "मी वाढते तुला."

"बसा हो ताई, भाकरी गार होईल."

मी उभीच राहिले. तीही हातात ताट धरून उभी राहिली. मी बसल्याशिवाय ती बसणार नव्हती आणि दोघींनाही भूक लागली होती. मी बसले.