धनजची टिटवी

सन दोन हजार चोवीस, वय बहात्तर. आधार कार्डावर कमी लागलं आहे, पण मी आईचा हिशोब धरतो. त्या मे महिन्यात केनवडहून धनजला गेलो, त्याची ही हकिगत. शाळा माझी चौथीपर्यंत, तेव्हा सांभाळून घ्या.

सोबत मृणाल होती. नागपूरकडची पोर, उन्हाळाभर आमच्या घरी भाड्याने राहिली. ऊन दरवर्षी वाढतं आहे, तर रानातले कोणते जीव ते सोसतील आणि कोणते जातील, हे शोधायचं तिचं काम. टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते, म्हणून ती टिटवीच्या मागे होती. धनजच्या पडीक रानातल्या एका घरट्यावर तिचं लक्ष होतं. माझी बहीण त्याच गावात दिली आहे. मी म्हटलं, चल, मी नेतो. खरं तर रस्ता तिला माझ्यापेक्षा चांगला माहीत होता.

रिसोडहून एसटी. खिडकीच्या पत्र्याला हात टेकला की पोळायचा. वाशीमच्या पुढे सगळं रान नांगरून काळंभोर पडलेलं, सावलीपुरतं एखादं कडुलिंबाचं झाड. कारंज्याला उतरताना माझ्या चपलेचा अंगठा तुटला. मृणाल म्हणाली, नवी घेऊ. मी म्हटलं, नाही. सुतळीने बांधली आणि लंगडत जीपमध्ये जाऊन बसलो. बहिणीने रस-शेवया केल्या होत्या. दोन वाट्या जास्तच झाल्या.

सकाळी ऊन चढायच्या आत मृणाल रानात गेली, पालथी झोपून अंड्यांना कान लावला आणि हसतच परत आली.

"आबाजी, आत पिल्लं बोलायला लागली. उद्यापर्यंत बाहेर येतील."

जेवून आम्ही दोघं रानात गेलो. नाल्यापलीकडे तिला दुसरं घरटं पाहायचं होतं. मला तिने पहिल्या घरट्यापासून थोडं लांब बाभळीखाली बसवलं. "टिटवी नाल्यात पोट भिजवून येते आणि ओल्या पिसांनी अंडी थंड ठेवते. तिला उठवू नका. असल्या उन्हात अंडी उघडी पडली की संपलं."

मी मान हलवली.

आमच्याकडे टिटवीच्या अंड्यांवरून पाऊस सांगतात. जेवढ्या अंड्यांचं टोक खाली, तेवढे महिने पाऊस. केनवडात हे मी सांगतो. मी आलो हे गावात कळलंच होतं. जवाई, म्हणजे बहिणीचे मालक, आणि त्यांच्यासोबत चार-पाच जण धुऱ्याने (शेताच्या बांधाने) आले. बहिणीच्या गावात मी सगळ्यांचा मामा.

"मामा, यंदा पानी कसा हाय? सोयाबीन कवा पेराव?"

"बाईनं जवळ जाऊ नोको म्हटलं," मी म्हणालो.

जवाई हसले. "राहू द्या रे. साळेबुवाची इद्या केनवडच्या शिवेपर्यंतच चालते."

हे मला झोंबलं. उठलो. टिटवी ओरडत उडाली. मी उकिडवा बसलो, एकेक अंडं बोटाने हलवून टोक पाहिलं. चारही खाली. मग समजावून सांगायला लागलो. उशिरा आलेल्यांसाठी पुन्हा पहिल्यापासून. टिटवी डोक्यावरून घिरट्या घालत होती.

"मामा, लय चिडली हो ते."

"चिडन नाई त काय," दुसरा म्हणाला. "तिले न इचारता तिच्या लेकरायची पत्रिका काढून राह्यले मामा."

सगळे हसले. मीही हसलो. टिटवी खाली उतरली तेव्हा तिचं पोट ओलं होतं, पाणी टपकत होतं. ते मी पाहिलं. पाहूनही बोलत राहिलो. मृणाल नाल्याकडून धावत आली तोवर टिटवीचं पोट सुकलं होतं.

संध्याकाळी मृणाल पुन्हा पालथी झोपली. चारही अंड्यांना कान लावला. मग तिथेच बसून राहिली. माझ्याकडे पाहिलं नाही.

ती मला वाईटसाईट बोलली असती तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी परत निघालो, तर कारंज्याच्या स्टँडवर तिने माझ्यासाठी उसाचा रस आणला आणि एसटीत खिडकीची जागाही मलाच दिली.

वाशीम मागे पडलं. मग म्हटलं, "पोरी, ऊनच तसं व्हतं."

"ऊन रोजच तसं होतं, आबाजी," ती हळू म्हणाली. "ती रोज भिजून येत होती आणि अंडी जगत होती. हे घरटं उन्हाने गेलं असं मला म्हणता येणार नाही."

रिसोड येईपर्यंत मी खांद्यावरचा दुपट्टा तोंडावर ओढून घेतला. पलीकडच्या बाकावरच्याला वाटलं, धूळ येते म्हणून.

आयुष्यभर मी टिटवीला पाऊस विचारला. तिला काय पाहिजे, हे एकदाही विचारलं नाही. आणि ज्या दिवशी सांगणारी भेटली, त्या दिवशी चार माणसांच्या हसण्यापुढे मला तिचं सांगणं आठवलं नाही. आठवलं नाही हेही खोटंच. आठवत होतं.

केनवडला परतल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या शेतात वखरणीला ट्रॅक्टर येणार होता. एक टिटवी तिथेही अंड्यांवर बसली होती. मी लवकर गेलो, तिच्यापासून लांब काठी रोवली, काठीला दुपट्टा बांधला आणि ट्रॅक्टरवाल्याला म्हटलं, याच्या अलीकडूनच वळव. शेजारचा किसन धुऱ्यावर उभा होता.

"आबाजी, किती टोकं खाली हायेत औंदा?"

"मी पाह्यलं नाई," म्हटलं, आणि लांबच्या धुऱ्याने घरी आलो.