गंगाधररावांचे त्रेसष्ट चाकू

आमचे भाऊजी गंगाधरराव यांच्या खिशात एक वेळ रुमाल नसेल, पण चाकू असायचाच. घडीचा, मिटला की बोटाएवढा. माझी थोरली बहीण विजयाताई लग्न होऊन रायपूरच्या तात्यापाऱ्यात गेली तेव्हापासून त्या चाकूला सवत म्हणायची, आणि मीही तिच्या बाजूने पस्तीस वर्षं भाऊजींची यथेच्छ टिंगल केली.

भाऊजी सरकारी खात्यात बाबू. मंत्रालय नव्या रायपुरात गेलं तेव्हा स्टाफ बसमध्ये सगळ्यांचे पेरू तेच कापायचे. फाटकावर चाकू जमा करायचा, संध्याकाळी परत घ्यायचा, असं निवृत्तीपर्यंत रोज. शिपायाने एकदा विचारलं, "साहब, घर पे ही काहे नहीं छोड़ आते?"

"चश्मा छोड़ के आता है कोई?" भाऊजी म्हणाले.

राजिमची जत्रा, बस्तरकडचे आठवडी बाजार, रविवारी फुटपाथवर मांडलेलं जुनं सामान, जिथे जातील तिथून एक चाकू घेऊन यायचे. कलम करायचा, गुराख्याचा, पितळी मुठीचा, शिंगाच्या मुठीचा. खटका दाबून उघडणारा मात्र कधी घेतला नाही. तो भांडणाचा, माझे कामाचे, असं म्हणायचे. असे त्रेसष्ट झाले.

मग एकुलत्या एका लेकीचं, राधिकाचं लग्न ठरलं, आणि ताईने हुकूम काढला. लग्नात खिशात चाकू नको, आणि लग्नानंतर घरातही नको. व्याही घरी येतील, हत्यारांची पेटी पाहतील, काय म्हणतील? भाऊजी भांडले नाहीत. मुलीसाठी कबूल झाले, आणि तेच मला खटकलं. लग्नाच्या आदल्या दिवशी पेटी त्यांनी स्वतः माझ्या गाडीत आणून ठेवली. भनपुरीच्या भंगारवाल्याकडे ती मी पोचवायची होती.

"तोडू नको म्हणजो त्याले," एवढंच बोलले आणि मागे न पाहता घरात गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी नवरदेवाकडची मंडळी पुण्याहून विमानाने आली आणि मंगल कार्यालयाच्या दारातच थांबली. माणसं मूळची अमरावतीकडची. हळद लागली की अक्षता पडेपर्यंत नवरदेवाच्या हातात लिंबू टोचलेला चाकू पाहिजे, ही त्यांची रीत. आमच्या नवरदेवाने, नीलेशने ती इतकी इमानदारीने पाळली, की चाकू लिंबासकट हातात धरूनच विमानतळावर गेला. तिथल्या लोकांनी चाकू काढून घेतला. लिंबू परत दिलं.

नीलेशची आजी, शांताबाई, दारात खुर्ची टाकून बसली. "लोखंडाशिवाय नवरदेव मांडवात जाणार नाई. मी जाऊ देणार नाई."

केटररने धावत जाऊन प्लास्टिकच्या मुठीची सुरी आणली. आजीने तिच्याकडे नुसतं पाहिलं. "याने काय केक कापाचा आहे काय?"

मुहूर्ताला पाऊण तास उरला होता. इतक्यात ताई माझ्याकडे आली. चेहरा पांढराफटक, शालू खोचलेला.

"शिशिर, ते पेटी देऊन टाकली काय रे?"

"कालच द्यायची होती," मी म्हणालो.

"दिली काय ते सांग ना!"

नव्हती दिली. भनपुरीच्या ट्रकांच्या गर्दीत कोण जातं, म्हणून पेटी डिकीतच पडून होती. आयुष्यात पहिल्यांदा माझा आळस कुणाच्या कामी आला.

आजीच्या पुढ्यात चादर अंथरली आणि पेटी उघडली. जुन्या धोतराच्या चिंध्यांत गुंडाळलेले, तेल लावलेले एकेक चाकू भाऊजी मांडत गेले. आजीने एक उचलला, उघडला, पात्यावर अंगठा आडवा फिरवला.

"खोबरेल लावता काय? मोहरीचं लावत जा."

"मोहरीने पितळ काळं पडते," भाऊजी म्हणाले.

"पितळ पुसता येते. पातं गंजलं तर काय कराल?"

झालं, दोघांची जुंपली! आजीचं बालपण लोहाराच्या शेजारी गेलेलं. हा कुठला, तो कशाचा, ही धार कुणी लावली, याचा खिळा बदलला काहून, असे प्रश्नांवर प्रश्न. पस्तीस वर्षांत भाऊजींना हे कुणी विचारलं नव्हतं. आम्ही घरचे असूनही नाही. भटजी घड्याळ दाखवत होते, बँडवाले बघत होते, आणि आमचे मितभाषी भाऊजी हातवारे करत बोलत होते. मला त्यांचा अभिमान वाटला आणि स्वतःची लाज वाटली.

आजीने शेवटी शिंगाच्या मुठीचा एक साधा चाकू निवडला. भाऊजींनी तो तिच्या हातात दिला नाही. अक्षतांच्या ताटात ठेवून ताट पुढे केलं. चाकू हातोहात दिला की भांडण होतं, असं आमच्यात मानतात.

"माणूस जाणता आहे," आजी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली आणि खुर्चीवरून उठली.

लिंबू टोचलं, बँड वाजला, लग्न मुहूर्तावर लागलं. पंगतीत नवरदेवापेक्षा भाऊजींभोवती जास्त गर्दी होती. पुण्याची पोरं एकेक चाकू हातात घेऊन फोटो काढत होती.

निघताना आजीने ताईचा हात धरला. "हा एक आम्ही नेतो. माह्या घरचे दोन पाठवून देतो, आता तिथे कोण विचारते त्यांले? पण बाकीचे नीट पाहाले मी येणार आहे. घरी कुठे मांडले तुम्ही?"

भाऊजींनी मान खाली घातली. मी ताईकडे पाहिलं.

"हॉलमध्ये," ताई म्हणाली, "दारातून आत आलं की समोरच. काचेच्या कपाटात."

असलं कपाट त्यांच्या घरात नव्हतं. सोमवारी सकाळी ताई स्वतः सुताराकडे गेली, आणि शंभर चाकू मावतील एवढं करायला सांगून आली.