दुर्बिणीचा क्लॅम्प

माझ्याकडं शेतीरक्षणाच्या परवान्याची बंदूक आहे. बापाची. तिला नळ्या दोन, छर्‍याची एक आणि गोळीची एक. पाहिजे ती बसवायची. टोकावड्याच्या बाजूला आमचं भात. कापणीच्या तोंडावर रानडुकरं घुसतात आणि खाचरंच्या खाचरं लोळवतात.

साठी ओलांडली आणि नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरायचा मणी, दिसेनाशी झाली. बायको म्हणाली, "परवाना पोराच्या नावावर करा आता." पोरगा कामाला कल्याणला आणि डुकरं इथं! मी मुंबईच्या जुन्या बाजारातून बंदुकीची दुर्बीण आणली.

आता ती बसवायची कशी? कल्याणचा बंदूकवाला म्हणाला, "बाबा, क्लॅम्प येतात ते नव्या रायफलींचे. या नळीला काय बसायचं नाय." शहापूरच्या लेथवाल्यानं तर हातच जोडले. "काका, बंदूक दुकानात आणू नका. माप आणा, बनवून देतो." नळीला सुतळी गुंडाळून माप नेलं. क्लॅम्प घेऊन घरी आलो, तर गोळीच्या नळीवर चढेना. मी माप घेतलं होतं छर्‍याच्या नळीचं, ती बारीक. परत एसटी, परत शहापूर. दुसरा क्लॅम्प झाला सैल, कारण या खेपेला सुतळी ढिली धरली होती. मग मधे सायकलच्या ट्यूबची पट्टी घातली, आवळला, बांधावर मडकं ठेवून नेम जुळवला. मडकं फुटल्यावर बायकोला मुद्दाम हाक मारली.

तेवढ्यात दसरा आला. आमच्यात दसऱ्याला बंदूक खोलून दोन्ही नळ्यांना तेल लावतात आणि पाटावर विळ्या-कोयत्याशेजारी ठेवतात.

"अवो, यंदा नका खोलू. तशीच पुजू."

"बापानं कधी तशी पुजली नाय, मी पुजू?"

क्लॅम्प काढला. पूजा झाल्यावर परत बसवला, तर तेलानं पट्टी घसरायला लागली. तरी मी तसाच आवळला.

दुसऱ्या दिवशी सांजेला डुकरं आली. दुर्बिणीत मोठं डुकर अगदी मधोमध धरलं आणि चाप ओढला. गोळीनं पलीकडच्या बांधाची माती उडवली. डुकरं आवाजालाच पळाली.

"झालं की काम," बायको म्हणाली. "आवाज काढायला दुर्बीण कशाला लागते?"

पुढं दर दसऱ्याला हेच. पट्टी बदलली, स्क्रू बदलले, लेथवाला मला बघून आत जायला लागला. शेवटी दुर्बीण गळ्यात अडकवली. तिच्यातून डुकरं लांबूनच हेरतो, मग बंदूक आभाळाकडं करून बार काढतो. भात वाचतं. क्लॅम्प दसऱ्याला पाटावर असतो, त्यालाही झेंडूचं फूल मिळतं.

परवाना अजून माझ्याच नावावर आहे.