डोंगरसिंगची गाठ

पूनमसिंग यवतमाळच्या एका ठेकेदाराची जुनी जीप चालवायचा. सासुरवाडीच्या तांड्यावर आला, की मात्र तो नुसता ड्रायव्हर राहायचा नाही, थेट मिस्त्री व्हायचा. बढाया तर विचारू नका. एकसष्ट सालच्या दिवाळीला बाभुळगावच्या अलीकडे, ऐन तांड्याच्या तोंडाशी जीपच्या मागच्या स्प्रिंगचा एक पाटा मोडला आणि त्या बढाया त्याच्या अंगाशी आल्या.

बदलीचा पाटा गाडीतच होता. जीप ओंडक्यांवर टेकवून त्याने स्प्रिंग खाली उतरवली. आता पाट्यांची चळत धरून ठेवणारा मधला बोल्ट काढायचा. पण त्याआधी दोन्ही बाजूंनी लोखंडी शिकंजे आवळायचे असतात, नाहीतर दाबलेले पाटे उसळतात. यवतमाळच्या मिस्त्रीने हे त्याला दटावून सांगितलं होतं. शिकंजे करून घ्यायला बाभुळगावच्या लोहाराकडे जावं लागलं असतं, आणि इथे तर अख्खा तांडा भोवती जमलेला. तेवढ्यात सासरा डोंगरसिंग अंबाडीचा दोर घेऊन पुढे आला. त्याच्या बापजाद्यांनी बैलांवर मीठ लादून मुलूख पालथा घातला होता. डोंगरसिंगने मारलेली गाठ सुटत नाही, असं त्याचं पंचक्रोशीत नाव.

"जवाई, शिकंजा कायले पाह्यजे? मी बांधून देतो ना!"

नाही म्हणायला काय लागत होतं? पण पूनमसिंग म्हणाला, "बांधा, मामाजी. तुमच्या गाठीपुढं लोखंड काय करते!"

बोल्ट निघाला आणि पाटे फाडकन उसळले. एक पाटा म्हाताऱ्याच्या मनगटावर बसला. हाड मोडलं. पूनमसिंगची बायको जमनी बापाचा हात मांडीवर घेऊन रडू लागली. म्हातारा लोकांकडे न बघता म्हणाला, "गाठ सुटली माही. हातात जोर नाही राह्यला आता."

पूनमसिंगने दोर उचलला. गाठ होती तशीच घट्ट होती. पाट्याच्या धारेवर दोर कापला गेला होता. हे सांगितलं, तर 'तुले माहीत नव्हतं काय?' असं कोणीतरी विचारणारच. त्याने गुपचूप तो दोर चुलीत घातला. स्वतःच्या हाताची त्याला किळस आली.

दुसऱ्या दिवशी लोहाराने बैलगाडीच्या चाकाची जुनी लोखंडी धाव तोडून, लांब बोल्ट घालून शिकंजे करून दिले. पूनमसिंगने सगळ्यांना लांब हाकललं, शिकंजे आवळून पाटा बदलला आणि मग नट थोडे या बाजूचे, थोडे त्या बाजूचे असे हळूहळू ढिले केले. एकही पाटा उसळला नाही. "याले म्हणतात मिस्त्री!" लोक म्हणाले. धरणीने पोटात घ्यावं, असं पूनमसिंगला झालं.

पुढे कापसाची गाडी भरली, तेव्हा गळ्यात हात बांधलेला डोंगरसिंग दोर घेऊन त्याच्यापाशी आला.

"जवाई, तूच बांध. माह्या गाठीचा भरवसा नाही राह्यला."

पूनमसिंगने दोर घेऊन गाठ मारली. म्हाताऱ्याचा हात महिन्या-दोन महिन्यांत बरा झाला. पण मरेपर्यंत त्याने पुन्हा दोर हातात धरला नाही, आणि पूनमसिंगने तोंड उघडलं नाही.