भासऱ्यांना न विचारलेली गोष्ट

बालाघाटला बसस्टँडच्या मागे माझी रक्त-लघवी तपासायची लॅब आहे. तिथे अनोळखी माणसाला लघवीचा रंग कसा, जळजळ होते का, हे मी भाजीचा भाव विचारावा तसं विचारते. घरात मात्र माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, समोर आले की डोक्यावर पदर येतो आणि बोलणं तिसऱ्याच्या मार्फत होतं. मी भिंतीकडे बघून म्हणायचं, "जेवाले वाढलं म्हणा." त्यांनी दाराकडे बघून म्हणायचं, "येतो म्हणा." या पद्धतीवर आम्ही जावा खूप हसलो, पण मोडली कुणीच नाही.

त्या उन्हाळ्यात वारासिवनीकडच्या एका लग्नाहून ते जुलाब-उलट्या घेऊनच परतले. साखरेचा आजार जुना, गुडघ्यासाठी दुखण्याच्या गोळ्याही चालू. पाणी प्यायलं की उलटी होते म्हणून त्यांनी पाणी पिणंच सोडलं. संध्याकाळी मी रक्त काढलं. त्यांनी हात पुढे केला, तोंड खिडकीकडे. किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन ठीक आलं आणि जाऊबाईंनी निश्चिंत होऊन खिचडी टाकली.

लघवी किती होते, हे विचारायचं राहिलं होतं. ते मी नवऱ्यावर सोपवलं. तो आत गेला तसा बाहेर आला.

"दादा म्हणते, सब ठीक हाय. आन् म्हणते, तिले काय करा लागते?"

जाऊबाई तोंडाला पदर लावून हसल्या. मीही हसले आणि रिपोर्टवर विसंबले.

खरं म्हणजे सकाळपासून त्यांना लघवी जवळजवळ झालीच नव्हती. ही गोष्ट धाकट्या भावाला सांगायची आणि त्यानं ती आपल्या बायकोच्या कानावर घालायची, हे त्यांना सोसणारं नव्हतं. दोन दिवसांनी पायांवर सूज आली, धाप लागली, तेव्हा पुन्हा रक्त काढलं. आकडा एवढा चढला होता की मशीन बिघडलं समजून मी तपासणी परत लावली. मग त्यांना गोंदियाला हलवलं. तिथे डायलिसिस सुरू झालं, ते अजून सुटलेलं नाही.

क्रिएटिनिन मागाहून वाढतं, हे मी शिकलेच होते. किडनीला इजा झाली तरी रक्तात ते दिसायला दिवस-दोन दिवस जातात. लघवीतली काही प्रथिनं मात्र काही तासांतच वाढतात. त्यातल्या एकाचं नाव एनजीएएल. हे मी पुढे नागपूरच्या एका प्रशिक्षणात ऐकलं. मोठ्या दवाखान्यांत ही तपासणी होते, आमच्याकडे अजून नाही, आणि ती दर वेळी बरोबरच सांगते असंही नाही. तरी चहाच्या सुट्टीत माझ्या डोक्यात तेच: ही तपासणी तेव्हा माझ्या लॅबमध्ये असती तर? मग लक्षात आलं, त्या तपासणीसाठीही लघवीच हवी. डबी त्यांच्या हातात कुणी दिली असती? आणि दिली असती, तर ती जवळजवळ रिकामीच परत आली असती. तेवढ्यावरच मला कळलं असतं. त्याला नवी तपासणी लागत नव्हती.

हल्ली नवऱ्याला रजा मिळाली नाही की गोंदियाला मी त्यांच्याबरोबर जाते. गेल्या खेपेला परतताना रेल्वेत मी त्यांना सरळ विचारलं, "त्या दिवशी मीच आत येऊन विचारलं असतं, तर सांगतलं असतं काय जी?"

त्यांनी सवयीनं तोंड खिडकीकडे केलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "नसतं सांगतलं, बाई. वरून ओरडलो असतो तुमच्यावर." आणि पुढे म्हणाले, "पण तुमी विचारा लागत होतं."

बालाघाट आलं. मी पिशवी घेतली. उतरताना त्यांनी माझा खांदा धरला, आणि फलाट संपेपर्यंत तो सोडला नाही.