ट्रॅक्टर नक्की कुणी काढला?

मंडळी, शिरूरच्या सायबर कॅफेत बसलेय आणि डोकं पार चक्रावलंय.

आज सकाळी केंदूरला, माहेरच्या शेतात, उसाच्या ट्रॉलीसकट ट्रॅक्टर चिखलात रुतला. वहिनी ट्रॅक्टरवर बसली, दादा मागून ढकलत होता. वहिनीनं ट्रॅक्टर बाहेर काढला आणि दादा कमरेपर्यंत चिखलानं माखला. मी आणि दादाची पोरगी पिंकी बांधावरून बघत होतो.

दुपारी शेजारचे आप्पा आले. पिंकी रंगवून सांगायला लागली, "पप्पांनी ट्रॅक्टर काढला, मम्मी ढकलत व्हती!"

आप्पा दादाला म्हणाले, "उद्या माझी ट्रॉली रुतली तर तूच ये बाबा."

दादा चक्क "व्हय" म्हणाला!

मी वहिनीकडं बघितलं. तीही गोंधळली. "ह्यांनीच काढला न्हवं का, वन्सं?"

मुद्दाम खोटं कुणीच बोलत नव्हतं, सगळ्यांना खरंच तसंच आठवत होतं. समोर दोरीवर दादाची चिखलाचे डाग पडलेली पँट वाळत होती. वहिनीच्या अंगावर सकाळचीच साडी होती, चिखलाचा एक थेंबही नसलेली.

आता हे लिहिताना डोळे मिटले, तर मलाही सीटवर दादाच दिसतोय.

मग लहानपणच्या आठवणीत माझी आई जिथं जिथं मागं उभी दिसते, तिथं ती खरंच मागं होती का हो?